एकशे चाळीस होकार

या बाळांनो, असे जवळ सरका. टाळ खाली ठेवा. आज एक गोष्ट सांगतो. डोळे भरले तर भरू द्या.

साल दोन हजार एकसष्ट. खैरवाड्याच्या हातपंपाला पाणी गोड, पण त्यात फ्लोराइड फार (खडकातून पाण्यात उतरणारा घटक, जास्त झाला की हाडं वाकतात). हे शोधलं विश्वंभर आजोबांनी. त्यांची नात गोदू. तिच्या धाकट्या भावाचे, सदूचे गुडघे चालताना एकमेकांना घासू लागले होते. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी आणायचं, तर चर खणायला अख्खं गाव हवं होतं.

दरवर्षी ग्रामसभेत आजोबा विचारत, "कोणाला पटतंय?" हात दोनच वर. आजोबांचा आणि गोदूचा.

"बघा, म्हाताऱ्याची फौज!" गावातले शामराव म्हणत. सगळे हसत.

सात वर्षं असंच गेलं. मग आजोबाच गेले.

घरोघरी पाणी तपासणाऱ्या मोजू यंत्रमानवाला गोदूनं रडत विचारलं, "कोणालाच का रे पटलं नाही?"

"पटलं होतं की. पाणी तपासताना मी दोनशे जणांना एकेकट्याला विचारलं. एकशे चाळीस हो म्हणाले. पण प्रत्येकजण म्हणाला, मला पटतं, गावाला पटत नाही."

"आजोबांना का नाही सांगितलंस?"

"नावं सांगणार नाही, असं वचन दिलं होतं. नुसता आकडा सांगता आला असता. त्यांनी विचारला नाही. त्यांनाही वाटायचं, आपण एकटेच."

तेराव्याला कीर्तन होतं. बुवांनी अभंगाचं ध्रुपद (पुन्हा पुन्हा म्हणायची ओळ) म्हटलं. आधी एकटे टाळकरी, मग शेजाऱ्याचा आवाज ऐकून शेजारी, मग सारा मांडव गाऊ लागला. गोदू ऐकत राहिली. तिला उमगलं. सर्वमान्यता (समाजानं विचार स्वीकारणं) म्हणजे पुष्कळांना पटणं एवढंच नव्हे. पुष्कळांना पटलंय, हे एकमेकांना ऐकू यायला हवं!

बुवांना नमस्कार करून ती उभी राहिली. "एकशे चाळीस जणांना आजोबांचं पटलं होतं. मोजूनं मोजलेत."

सगळे एकमेकांकडे पाहू लागले.

"त्यातली एक मी गं," कौसाबाई म्हणाली.

"मीही."

"मीही."

शेवटी शामराव उठले. मान खाली. "पोरी, मीसुद्धा."

दुसऱ्या दिवशी कुदळी निघाल्या. झरा गावात आला. सदूचे गुडघे पुरते सरळ झाले नाहीत. पण त्याच्यामागून जन्मलेली पोरं तुमच्यासारखी धावतात.

बाळांनो, पाण्याचा पेला तोंडाला लावाल, तेव्हा विश्वंभर आजोबांना आठवा. एवढं गाव त्यांच्या बाजूला होतं, आणि ते एकटेच गेले.