तिसऱ्या वळणावरचा आवाज

केंड्राने गॅरेजमध्ये पडद्यावरच्या रेसच्या खेळाचं स्टिअरिंग आणि पेडल बसवून दिली तेव्हा लॅमार टीग आधी हसलाच. एकसष्टाव्या वर्षी खुर्चीत बसून गाडी पळवायची, म्हणजे पोरखेळच की! पण बायको जाऊन दोन वर्षं झाली होती, नॉर्थ कॅरोलायनातला नोव्हेंबर खिडकीबाहेर नुसता भुरभुरत होता, आणि लेक एवढ्या लांबून सामान घेऊन आली होती. नाही कसं म्हणणार?

“हे नवशिक्यांचं लाल लायसन्स,” केंड्रा म्हणाली. “कुणाला धडकलात की गुण कापतात. आधी एकट्यानेच फेऱ्या मारा, डॅडी.”

“बावीस वर्षं दर शनिवारी रेस मारली मी. आता हे डबडं मला शिकाऊ म्हणणार?”

“म्हणणारच. आणि ब्रेकवर पाय आपटू नका, तो तुमचा पिकअप नाही.”

तिने ट्रॅक निवडला आणि लॅमारचा चेहरा उतरला. सॅडल क्रीक. तो ट्रॅक बंद होऊन बारा वर्षं झाली, तिथे आता पाइनची झाडं उभी आहेत. पण बंद व्हायच्या आधी खेळ बनवणाऱ्यांनी येऊन तो लेझरने इंच न् इंच मोजून नेला होता म्हणे. पडद्यावर सगळं जिथल्या तिथे होतं. हॉटडॉगची गंजलेली टपरी, वाकडा झेंड्याचा खांब, तिसऱ्या वळणावरचा तो उंचवटा. चाक त्यावरून गेलं तेव्हा मनगटाला तोच जुना हिसका बसला.

केंड्रा गेल्यावर तो रोज दुपारी बसू लागला.

अशा रेसमध्ये मान पट्ट्यांनी आवळलेली असते, बाजूचं दिसत नाही. म्हणून प्रेक्षकांच्या स्टँडच्या छतावर रेडिओ घेऊन आपला माणूस उभा असतो, स्पॉटर. त्याने कानात ‘आत गाडी’ म्हटलं की वर, भिंतीकडेच राहायचं, ‘मोकळं’ म्हटलं की खाली, डावीकडे आतल्या कडेला यायचं. स्वतःच्या डोळ्यांपेक्षा त्याच्यावर भरवसा. या खेळातही तो होता, एका बाईचा सपक, यांत्रिक आवाज.

चौथ्या दिवशी, ट्रॅकवर दुसरं कुणीही नसताना, तिसऱ्या वळणावर ती बाई म्हणाली, “आत गाडी.”

लॅमारने वेग कमी केला. आत कुणी नव्हतं. पुढच्या फेरीला पुन्हा तिथेच. “आत गाडी. अजून आत.” ‘मोकळं’ मात्र ती म्हणेचना.

त्याने केंड्राला फोन केला. तिने सांगितलं तसं त्याने स्पॉटरचं बटणच बंद केलं. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या वळणावर आवाज आला तो बाईचा नव्हता. घोगरा, नाकातून येणारा, ओळखीचा.

“आत आहे. आतच आहे. थांब, लॅमार.”

लॅमारने ब्रेक दाबला. हे शब्द जगात दोनच माणसांना ठाऊक होते.

वीस वर्षांपूर्वी त्याच वळणावर लॅमार खाली आला होता आणि आत असलेली कर्टिस हफमनची पिवळी गाडी त्याचा धक्का लागून भिंतीवर गेली होती. कर्टिस तिथेच संपला. चौकशीत लॅमारने सांगितलं, स्पॉटर ‘मोकळं’ म्हणाला. स्पॉटर होता त्याचा मेव्हणा, रॉइस; हा घोगरा आवाज त्याचाच. रॉइसने दोनदा शपथेवर नाही म्हटलं, पण ऐकणार कोण? लोकांनी त्याच्या गॅरेजवर गाड्या आणणं सोडलं. सख्ख्या बहिणीने, म्हणजे लॅमारच्या बायकोने, थँक्सगिव्हिंगच्या सणाला त्याचं ताट मांडणं बंद केलं, आणि मरेपर्यंत ती भावाशी बोलली नाही. लॅमार शेजारी बसून टर्की कापत राहिला. लाज वाटायची, भयंकर वाटायची. पण जीभ उचलली नाही ती नाहीच.

रॉइस आता पलीकडच्या रस्त्यावर राहत होता. नाकाला ऑक्सिजनची नळी, ओसरीत आरामखुर्ची. डॉक्टरांनी ख्रिसमसपर्यंतचीच मुदत दिली होती.

लॅमार एकदा गेला. सोबत मक्याचा पाव नेला.

“केंड्राने काहीतरी खेळ दिलाय म्हणे तुला,” रॉइस म्हणाला.

“हो. सॅडल क्रीक आहे त्यात.”

रॉइसने बराच वेळ श्वास गोळा केला. “तिसऱ्या वळणाला सांभाळ.”

कबुलीचे शब्द अगदी ओठांवर आले होते. “पाव गरम आहे तोवर खा,” एवढंच लॅमार म्हणाला आणि उठला.

पुढचे आठ दिवस तो आवाज रोज ऐकू आला. गुरुवारी दुपारी त्याचं डोकंच फिरलं. आत काही नाही, काहीच नाही, हे एकदा दाखवूनच देतो! “थांब, लॅमार,” आवाज म्हणाला. लॅमार खाली आला.

पत्रा चिरडल्याचा आवाज झाला. स्टिअरिंगने त्याचा अंगठा पिरगाळला. पडद्यावर रिकामा ट्रॅक होता आणि त्याची गाडी शाबूत होती.

तेवढ्यात फोन वाजला.

“डॅडी,” केंड्रा रडत होती. “रॉइस मामा गेला. आत्ता. खुर्चीतच. स्पॉटरच्या जुन्या रेडिओचा हेडफोन कानाला लावून बसला होता म्हणे.”

दफन झालं. कबरीपाशीही लॅमारच्या तोंडून काही निघालं नाही. आता सांगायचं तरी कुणाला?

घरी येऊन तो काळ्या सुटातच गॅरेजमध्ये बसला. ट्रॅक सुरू झाला.

“रॉइस,” तो मोठ्याने म्हणाला. “तू ‘मोकळं’ म्हणाला नव्हतास. मी खोटं बोललो.”

पहिलं वळण. दुसरं. कानात नुसती खरखर.

मग तिसरं. उंचवट्यावर मनगटाला हिसका बसला.

“मोकळं,” घोगरा आवाज म्हणाला.

लॅमारने डावीकडे पाहिलं. पिवळ्या गाडीचा पत्रा त्याच्या दाराला जवळजवळ टेकला होता. आत हेल्मेट घातलेलं कुणीतरी हळूहळू त्याच्याकडे मान वळवत होतं.

“मोकळं आहे, लॅमार,” आवाज शांतपणे म्हणाला. “ये खाली.”

त्याने दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरलं होतं. तरी ते डावीकडे वळू लागलं.