तळमजल्याचा गारवा

बदलापुरात गारव्याचं घर भाड्याने शोधायचं म्हणजे चपला झिजवायच्या. खिडकीबाहेर गरम हवा फेकणाऱ्या जुन्या एसींवर बंदी येऊन सहा वर्षं झाली होती. आता गारवा हवा तर शीतभिंतींची इमारत गाठायची. भिंतीत गार पाण्याच्या नळ्या असतात आणि ज्याचं अंग जास्त तापलंय, त्याच्याकडे भिंत आपणहून जास्त गारवा वळवते. इमारतीला मिळणारा एकूण गारवा मात्र ठरलेला. त्यामुळे घरात आजारी माणूस आहे म्हटलं की सोसायट्या नाक मुरडत.

केतकी गावंडने अकरा ठिकाणी नकार ऐकला होता. तिचे वडील, अण्णा, कारखान्यात बॉयलर फुटून भाजले होते. जखमा भरल्या, पण नव्या कातडीला घाम येईना, म्हणून अंग तापतच राही. एप्रिलमध्येच ते दोनदा बेशुद्ध पडले. मे महिना पत्र्याखाली काढलात तर माझा भरवसा नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं.

"फॉर्मवर एकटी राहते असं लिहा," एजंट काळसेकर म्हणाला. "सोसायटीची मुलाखत म्हणजे मुलगी बघण्याचा कार्यक्रम. कांदेपोह्यांच्या वेळी कोणी सगळं सांगतं का?"

तिने तसंच लिहिलं. अण्णांना घरी एकटं ठेवायची सोय नव्हती, म्हणून त्यांना जिन्याखालच्या बाकावर बसवलं आणि ती व काळसेकर तिसऱ्या मजल्यावर सेक्रेटरी टिपणीसबाईंकडे गेले. अतिशहाणपणा नडतो तो असा.

"पाहुणेरावळे किती येतात? मासे रोज करता का?" बाईंचे प्रश्न चालू होते. केतकी पढवल्यासारखी उत्तरं देत होती. मधेच बाईंनी रुमालाने मान पुसली. काळसेकरने शर्टाचं वरचं बटण काढलं. खोली चक्क तापायला लागली होती.

बाईंनी उठून, कुठे किती गारवा जातोय ते दाखवणारा भिंतीवरचा तक्ता पाहिला. "तळमजल्यावर कोण येऊन बसलंय? सगळा गारवा तिकडे ओढला जातोय."

काळसेकर छताकडे बघू लागला.

"माझे वडील आहेत," ती म्हणाली. "मी खोटं लिहिलं."

तिघं खाली आले. भिंतीला गाल लावून अण्णा गाढ झोपले होते, तोंड किंचित उघडं.

"महिनाभर डोळ्याला डोळा लागला नव्हता हो त्यांचा," म्हणताना केतकीला रडू फुटलं.

टिपणीसबाईंनी आवाज खाली आणला. "आधी सांगितलं असतंत तर मी नाहीच म्हणाले असते, खोटं कशाला बोलू? पण आता ह्यांना उठवून उन्हात पाठवणं माझ्याच्याने व्हायचं नाही. पहिल्या मजल्यावरची खोली घ्या, बाकीच्यांची मतं मी वळवते."

केतकीने डोळे पुसले. काळसेकरनेही सुटकेचा श्वास टाकला.

"एकच विचारते," बाई म्हणाल्या. "आमच्याकडे नवं कोणी घ्यायचं तर भाडेकरूंनाही मत असतं. उद्या तुमच्यासारखंच कोणी आपलं माणूस घेऊन दारात आलं, तर त्याचा गारवा अण्णांच्या वाट्यातूनही जाणार. तेव्हा हो म्हणाल ना?"

"म्हणेन की," केतकी लगेच बोलून गेली. आनंदाच्या भरात तिने दुसरा विचारच केला नव्हता.

मग अण्णांना उठवायला ती वाकली आणि तिने त्यांच्या दंडाला हात लावला. किती दिवसांनी तो गार लागत होता. तिला हात काढवेना. दारात खरंच कोणी येऊन उभं राहिलं, तर आपल्या तोंडून हो निघेल का?