दोन गोदावरी कुलकर्णी

मला नकार आला तो बाळंतिणीच्या आहारामुळे. नवऱ्या मुलाचे काका आमच्या सोलापूरच्या वाचनालयात गेले, गोदावरी कुलकर्णी या नावाखाली काय काय आहे ते पाहून आले आणि म्हणाले, "लग्नाआधीच बाळंतपणावर पुस्तक लिहिणारी मुलगी आम्हाला नको." मी लिहिलं होतं ते कथांचं एकुलतं एक पुस्तक. आहाराचं पुस्तक नाशिकच्या दुसऱ्या गोदावरी कुलकर्णींचं, आणि त्या चांगल्या नातवंडं असलेल्या आजी!

नकाराचं मला फारसं वाईट वाटलं नाही. पण माझं लिहिणं असं भलत्याच बाईंच्या पदरात पडावं... मी तरातरा वाचनालय गाठलं.

ग्रंथपाल नवे होते. वेणीमाधव करमाळकर. त्यांच्यापुढे ईरम्मा नावाच्या एक बाई उभ्या होत्या.

"त्या गोदावरीबाईंच्या पुस्तकात डिंकाचं लाडू कुटं हायत?" त्या म्हणत होत्या. "गोष्टीच हायत की नुसत्या. माजी बाळंतीण पोरगी वाचून रडतीया, पर परत दे म्हटलं तर देत न्हाई. तवा लाडवाचं दुसरं द्या, त्ये ऱ्हाऊ दे तिच्यापाशी."

भांडायला आले होते, पण भांडण राहिलं बाजूला. मी नुसतं माझं नाव सांगितलं.

करमाळकर उठून उभेच राहिले. "चूक माझी. दोघींची पुस्तकं मी एकाच नावाखाली लावली. आता ग्रंथसूचीत तुमचं कार्ड वेगळं करतो. जन्मसाल?"

"बायकांना साल विचारतात?"

"बरं, मग वडिलांचं नाव घालू? त्या बाईंच्या नावात यजमानांचं आहे."

"घाला. लग्न झालं की खोडा. आडनाव जाईल, सासरी नावही बदलतील... मग हे पुस्तक कुणाचं म्हणायचं?"

हे मी हसत म्हटलं खरं. मला खरी भीती होती ती याचीच. माझ्या मैत्रिणींची माहेरची नावं कधीच पुसली गेली होती.

त्यांनी टाक खाली ठेवला. माझ्याकडे पाहत राहिले — जरा जास्तच वेळ.

"जन्मगाव?"

"जेऊर."

"ते काही कुणाला बदलता येणार नाही," ते म्हणाले, आणि माझ्या नावापुढे त्यांनी वळणदार अक्षरात जेऊर लिहिलं.

मग मी दर शनिवारी जाऊ लागले. पुस्तक बदलायला, असं घरी सांगायची. गिरणीचा भोंगा झाला की निघायचं, हे ठरलेलं. एकदा भोंगा होऊन गेला तरी आमचा पाय निघेना.

"एक अडचण आहे," ते खिडकीबाहेर पाहत म्हणाले. "समजा, एखाद्या लेखिकेनं करमाळकर आडनाव घेतलं..."

"तर?"

"तर त्या नावाचं नवं कार्ड करायचं. त्यावर लिहायचं — पाहा: कुलकर्णी, गोदावरी, जेऊर."

"आणि कुणी पाहिलंच नाही तर?"

"मी पाहीन की. रोज."

मला हो म्हणायला तेवढं पुरे होतं.

लग्नात तांदळाचं ताट पुढं आलं. सासूबाईंनी माझं नवं नाव रमा असं केव्हाच ठरवून ठेवलं होतं. यांनी अंगठी हातात घेतली आणि मी डोळे मिटून घेतले. इतक्या माणसांत आईचा शब्द कोण मोडतो?

"अरे, हे तर जुनंच नाव," सासूबाईंचा आवाज आला.

मी डोळे उघडले. तांदळात गोदावरी लिहिलं होतं, त्याच वळणदार अक्षरात.

"आपल्या घरात या नावाची एकच आहे, आई," हे म्हणाले. "बदलायचं कशाला?"