नाक्यावरची टॉर्च

दिवा बारीक करा आणि मोबाईल पालथे ठेवा. मध्ये कोणी बोलायचं नाही. ज्याला पटणार नाही त्याने सकाळी वरवट बकालला जाऊन होमगार्ड मोतीरामचं घर विचारावं, कोणीही दाखवील. याच ओट्यावर, आता प्राची बसली आहे तिथं बसून, त्याने हे एकदा सांगितलं. पुन्हा कधी सांगितलं नाही.

तेवीस साल. डिसेंबरची एकोणीस तारीख, मंगळवार. रात्रीचे साडेबारा. अर्धा चंद्र बुडत आला होता. जमादार गुलाबरावांच्या मोटरसायकलवर मागे बसून मोतीराम शेगावच्या रस्त्याने निघाला होता. काम साधं होतं. गावाबाहेर नाल्याच्या पुलाजवळ पोलिसांची दोन लोखंडी बॅरिकेडं उभी होती. नाका दुसरीकडे हलवला होता. बॅरिकेडं कडेला काढून ठेवायची, सकाळी गाडी येऊन नेणार. दिवसा हे काम होत नव्हतं. दिवसा तिथं वर्दी दिसली की लोक दगड उचलत.

का उचलत, ते आधी ऐका.

तो नाका जमादारांचा होता. कोणाला थांबवायचं आणि कोणाला सोडायचं हे तिथं कायदा ठरवत नसे, जमादार ठरवत. ते काठी घेऊन बाभळीच्या अंधारात उभे राहत. मोतीराम टॉर्च घेऊन रस्त्यावर. गाडीचा आवाज आला की जमादार एवढंच बोलत, ‘घे’, नाही तर ‘जाऊ दे’. मोठ्या गाडीला ‘जाऊ दे’. दोनचाकीवरच्या साध्या माणसाला ‘घे’. ‘घे’ म्हटलं की मोतीराम टॉर्च थेट त्या माणसाच्या डोळ्यांत मारी. टॉर्च खाली, चाकाकडे धरायची असते, हे त्याला शिकवलेलं होतं. पण डोळे दिपले की माणूस आपोआप ब्रेक दाबतो. ही युक्ती मोतीरामची स्वतःची. जमादार चारचौघांत तिची तारीफ करत आणि मोतीरामची छाती फुगे.

आठ तारखेला, शुक्रवारी रात्री, एक पांढरी मोठी गाडी आली. आत चौघं, चौघंही प्यालेले. ‘जाऊ दे.’ जमादारांनी वर सलाम ठोकला. तिच्या मागून देवानंद आला. चोवीस वर्षांचा पोरगा, खामगावच्या एका कापसाच्या जिनिंगमधून पाळी संपवून घरी निघालेला. ‘घे.’ टॉर्च डोळ्यांत बसली. पोराला काही दिसलं नाही. कोण थांबवतंय तेही कळलं नाही. गाडी चार हात पुढे गेली.

“पळतं का साल्या!”

काठी अंधारातून आडवी आली आणि त्याच्या गळ्यावर बसली. पोरगा उलटा पडला. डोकं पुलाच्या कठड्यावर फुटलं. तरी तो चार-पाच मिनिटं जिवंत होता. तोंडातून रक्ताचे बुडबुडे येत होते आणि हात वरच्या खिशाकडे जात होता. लायसन काढायला.

जमादारांनी त्याची गाडी लाथ मारून नाल्यात लोटली. कागदावर आलं, गाडी घसरली.

गावाला ते पटलं नाही. तेव्हापासून त्या रस्त्यावर वर्दीचा हात पाहून कोणी थांबेना. मागे बसलेल्या बाया नवऱ्याला सांगत, पोलीस दिसले, जोरात घ्या.

मारताना पाहणारा माणूस एकच होता, मोतीराम. बुधवारी सकाळी दहाला मोठे साहेब त्याचा जबाब घेणार होते. मंगळवारची रात्र ती त्याच्या आधीची.

“काऊन बे मोत्या, थंडीनं जीभ गोठली का?” गाडी चालवता चालवता जमादार म्हणाले.

“नाई जमादार.”

“उद्या काय सांगशील? बोल एकदा.”

“गाडी घसरली. आम्ही पोचलो तवा तो पडेल होता.”

“शाबास! तुले बंदोबस्ताची ड्युटी कोणामुळं लागते?”

“तुमच्यामुळं.”

“मंग?”



“त्याची माय आली होती घरी,” मोतीराम म्हणाला. “बेबीताई.”

“काय म्हणे?”

“पुसत होती, माह्या पोराची गाडी खरंच घसरली का.”

“मंग तू काय सांगतलं?”

“म्या खाली पाह्यलं.”

जमादार मोठ्याने हसले. “खालीच पाहत जाय.”

पूल आला. जमादारांनी गाडी बंद केली. दोघांनी मिळून एक बॅरिकेड ओढत कडेला नेलं. दुसऱ्याला हात लावला, तेवढ्यात शेगावकडून मोटरसायकलचा आवाज आला.

आवाज आला. दिवा नाही.

जमादारांची जन्माची सवय. काठी घेऊन ते बाभळीआड सरकले.

“घे.”

“जमादार, जाऊ द्या ना. नाका उठला आता.”

“घे म्हणतो ना!”

मोतीरामने टॉर्च उचलली. डोळ्यांच्या उंचीला धरली. बटण दाबलं.

डोळे नव्हते. माणूस नव्हता. गाडी नव्हती. रिकामा रस्ता आणि अंगावर येणारा आवाज. तीन हातांवर येऊन तो आवाज थांबला. इंजिन बंद केल्यासारखा.

मग कोणीतरी ओल्या घशाने बोललं.

“सायेब… कागद दाखवू?”

मोतीराम दोन पावलं मागे सरला.

“कोण आहे बे? समोर ये!” जमादार बाभळीआडून बाहेर आले.

“कागद… दाखवू?”

जमादारांनी काठी हाणली. समोर हवा होती. काठी हवेत फिरली आणि जमादारांच्या खांद्याचं हाड मोडलं. कडकन. मोतीरामने ते ऐकलं. जमादार ओरडले आणि त्यांनी पुन्हा हाणली. या वेळी कान फाटला. तिसऱ्या काठीला वरचे दात बाहेर आले. मारत होते ते समोर, फुटत होते स्वतः. टॉर्चच्या उजेडात रक्त डांबरावर उडत होतं.

“जमादार, थांबा! काठी टाका!”

“हात… थांबत नाई बे!”

काठी वर. काठी खाली. गुडघा. बरगडी. पुन्हा तीच बरगडी. जमादार खाली बसले तरी हात चालूच.

तो आवाज आता मोतीरामच्या कानाशी आला.

“कोणी मारलं?”

काठी चालू.

“कोणी… मारलं?”

“जमादारानं!” मोतीराम किंचाळला. “जमादारानं मारलं! गाडी नाई घसरली! म्या पाह्यलं!”

हात थांबला. जागच्या जागी, वर उचललेला. जमादार रडत होते. एक डोळा मिटला होता. दुसऱ्याने ते मोतीरामकडे पाहत होते.

कुठंही पान हललं नाही. मोतीरामला वाटलं, सुटलो.

“अन् टॉर्च…” कानाशी थंडगार श्वास आला. “टॉर्च कोणी मारली?”

मोतीरामने तोंड उघडलं.

पुन्हा मिटलं.

हात पुन्हा खाली आला. जमादारांचा जबडा एका बाजूला गेला.

“टॉर्च…?”

“बोल बे मोत्या…” जमादारांच्या तोंडातून शब्द आणि रक्त एकदम येत होतं. “बोल… एवढंच तं पुसते तो… बोल…”

मोतीराम खाली पाहत होता.

काठी पडली.

“मोतीरामभाऊ…” जमादार म्हणाले. जन्मात पहिल्यांदा भाऊ म्हणाले. “बोल ना…”

…

काठी वर गेली, आडवी झाली आणि जमादारांच्या गळ्यावर बसली. मग आवाज नाही. कोणाचाच नाही.

एक वाजून वीस मिनिटांनी कापसाचा एक ट्रक तिथून गेला. ड्रायव्हरला रस्त्यात वर्दी दिसली, म्हणून तो थांबला नाही. मोतीराम हात हलवत त्याच्यामागे पळाला. ड्रायव्हरने वेग वाढवला. जमादारांना दवाखान्यात नेईपर्यंत चार वाजले, तोवर ते थंड झाले होते. मुठीतली काठी निघेना. बोटं मोडून काढावी लागली. कागदावर आलं, अज्ञात वाहनाची धडक.

सकाळी दहाला मोतीराम मोठ्या साहेबांसमोर उभा राहिला. तोंडावर पाणीही मारलेलं नव्हतं. त्याने सांगितलं. पांढरी गाडी सांगितली, काठी सांगितली, नाल्यात लोटलेली मोटरसायकल सांगितली. मेलेल्या माणसाचं नाव घ्यायला आता भ्यायचं कारण नव्हतं. साहेबांनी सगळं लिहून घेतलं आणि शेवटी विचारलं,

“त्या वेळी तू काय करत होतास? तुझ्या हातात काय होतं?”

मोतीरामने खाली पाहिलं.

“काई नाई सायेब. म्या बाजूले होतो.”

खाली सही केली.

बाहेर बेबीताई बसली होती. तिला आतलं कळलं होतं. ती उठली, मोतीरामचे दोन्ही हात तिने धरले आणि कपाळाला लावले.

“माह्या पोरासाठी तुमीच एक खरं बोलले, भाऊ.”

त्याने हात सोडवून घेतले आणि तो घरी गेला.

बनाबाई, त्याची बायको, अंगणात शेणाची बादली घेऊन उभी होती. अंगण नुकतंच सारवलेलं, ओलं. ती त्याच्यावर करवादली.

“कोण आलं होतं हो गाडीवर? दोन मिनिटं मांगं गेली तं नास करून ठेवला!”

फाटकातून मोटरसायकलच्या चाकाची खूण आत आली होती. वाकडी नाही, घसरलेली नाही. सरळ उंबऱ्यापर्यंत.

परत गेल्याची खूण नव्हती.