अकरा बावीसची नोंद

"तिथे डोकं टेकू नका. त्या टेबलावर काल आम्ल सांडलं होतं."

मी दचकून ताठ बसले. समोर पांढरा कोट घातलेला एक माणूस, हातात पाण्याच्या बाटल्यांचा ट्रे. पाणी तपासणाऱ्या त्या प्रयोगशाळेचा केमिस्ट. तिथल्या ऑफिसात रंगकाम चालू होतं, म्हणून मला त्याच्या खोलीतला एक कोपरा दिला होता.

"पुसलंय ना?"

"पुसलंय. पण उशी म्हणून शिफारस करणार नाही."

तो गुरुवार होता.

माझं काम सांगायला सोपं. तिथल्या बेचाळीस जणांकडे प्रत्येकी सात पासवर्ड होते. नमुन्यांच्या नोंदींचा वेगळा, अहवालांचा वेगळा, रजेचा वेगळा. त्याऐवजी एकच ओळख-सेवा उभारायची. एकदा लॉगिन केलं की सगळी दारं उघडी. सॉफ्टवेअर ओपन सोर्स. ते क्लाउडवरच्या सर्व्हरवर बसवायचं, डेटाबेस जोडायचा, एकेक माणूस भरायचा. चार महिन्यांतलं हे पाचवं गाव. लॉजमध्ये जाग आली की दिव्याचं बटण कुठल्या भिंतीवर आहे ते आठवायचं नाही. इथलं काम शनिवारी संपवायचं आणि संध्याकाळच्या गाडीने सहाव्या गावाला.

सगळं जुळलं होतं. फक्त केमिस्टचा संगणक... लॉगिन घ्यायचा आणि लगेच बाहेर ढकलायचा. दोन दिवस मी त्याच्याशी झुंजत होते. जुने पासवर्ड अजून चालू होते, म्हणून कुणाचं अडलं नव्हतं.

"सात होते तेच बरं होतं," झाडता झाडता मावशी म्हणाल्या. "एखादा तरी लागायचा."

केमिस्टने माझ्यापुढे काचेच्या चंचुपात्रात चहा ठेवला.

"कोरं आहे. मी स्वतः तपासलंय."

"निकाल?"

"पिण्यायोग्य. तुम्ही मात्र... थकलेल्या दिसताय."

इतक्या गावांत हे कुणी म्हटलं नव्हतं. मी चहा प्यायले. तो बाटल्यांकडे बघत राहिला — म्हणजे, बहुतेक बाटल्यांकडेच.

शनिवारी अकराला दोष सापडला. त्याच्या संगणकाचं घड्याळ सहा मिनिटं पुढे होतं. आमची सेवा आत जायला परवाना देते तो पाच मिनिटांचा. या संगणकाच्या हिशोबाने तो हातात पडतानाच शिळा. मी घड्याळ बरोबर केलं. संपलं.

आणि मी कुणालाच सांगितलं नाही.

आयुष्यात कधी खोटी नोंद केली नव्हती मी. पण त्या दिवशी सव्वाअकराला बाहेर चहा पिऊन आले आणि पुन्हा लॅपटॉपच्या स्क्रीनकडे बघत नुसती बसून राहिले. बाराला तो आला.

"आज होईल असं वाटत नाही, ना?" चेहरा अगदी उतरलेला.

"बघू," मी म्हणाले.

चारला अहवाल लिहायला सेवेच्या नोंदी उघडल्या आणि एका ओळीवर थबकले. केमिस्ट, लॉगिन यशस्वी, ११:२२.

मी स्क्रीन त्याच्याकडे वळवली. "ही सेवा प्रत्येक लॉगिनची नोंद ठेवते."

त्याने वाचलं. कान लाल झाले. "हे आधी सांगायचं..."

"तुम्ही आत जाऊन आला होतात. आणि वर बाराला मलाच विचारलंत?"

"घड्याळ मीच पुढे केलं होतं, नमुने वेळेत व्हावेत म्हणून. ते बरोबर झालेलं दिसलं. म्हटलं, सापडलं यांना. आता सांगतील आणि जातील. तुम्ही बोलला नाहीत... मग मीही नाही."

"का?"

"तुम्ही का नाही बोललात?"

"दमले होते." ते खरं होतं, पण पुरं नव्हतं. "आणि... जायचं नव्हतं."

"प्रयोगशाळेतून?"

"प्रयोगशाळेचं काय घेऊन बसलात?"

तो शेजारच्या स्टुलावर बसला. बराच वेळ हात पुसत राहिला. ते कोरडेच होते. "मलाही तुम्ही जायला नको होतं," शेवटी हळूच म्हणाला.

मी बेचाळीस जणांसाठी सेवा सुरू केली. मग ऑफिसला फोन लावून आठ दिवसांची रजा मागितली. पहिल्यांदाच. साहेब इतके चकित झाले की हो म्हणाले.

"रजेत काय करणार?" केमिस्टने विचारलं.

"झोपणार. उद्या दुपारपर्यंत तरी."

"आणि नंतर?"

"तुम्हाला फोन करणार. नंबर द्या."

त्याने नमुन्याच्या बाटलीवर लावायची पट्टी घेतली, तिच्यावर नंबर लिहिला आणि माझ्या लॅपटॉपच्या झाकणावर अंगठ्याने दाबून चिकटवली.

"ही शाई पाण्याने जात नाही," तो म्हणाला.