फोन वाजला म्हणून आले

तुम्हाला झोप येत नाही म्हणून मी माझं तोंड दुखवून घ्यायचं, हा कुठला न्याय? ड्रायर थांबायला तासभर आहे, तर पत्ते कुटा की. पण नाही, म्हाताऱ्याला छळायचं. बरं. ते मोबाईल आधी खिशात घाला. सगळ्यांनी. तुझाही. एकदाच सांगेन आणि मध्ये कुणी हसलं तर उठून जाईन.

ही थाप नाही. माझ्या सख्ख्या मेव्हण्याची गोष्ट आहे. चार वर्षांपूर्वी तो याच लॉन्ड्रीची गाडी चालवायचा आणि मी गाड्यांचा मेस्त्री. दवाखान्याच्या धुतलेल्या चादरी संध्याकाळी पोचवायच्या, मळलेल्या घेऊन यायच्या, हे त्याचं काम.

दवाखान्याच्या तळघरात चादरींची खोली. तिथं एक मावशी होत्या. तोंडाळ बाई, पण मनानं लोणी. मेव्हण्याची गाडी दिसली की म्हणायच्या, "आले का लाटसाहेब?" हाही काही कमी नाही. म्हणायचा, "तुमच्या आठवणीनं गाडीच पुढे सरकेना, मावशी."

आता नीट ऐका. गाडी फाटकाशी आली की ड्रायव्हरनं मोबाईलवर 'पोचलो' दाबायचं, असा नियम होता. ते दाबलं की ऑफिसला कळायचं आणि तिकडे मावशींचा फोन वाजायचा. मावशी त्या वेळी रस्त्यापलीकडे टपरीवर चहा घेत बसलेल्या. फोन वाजला की उठायचं, रस्ता ओलांडायचा, खाली जाऊन कुलूप काढायचं. किल्ली कायम त्यांच्या कमरेला.

पण ड्रायव्हर लोकांची अक्कल! उशीर झाला की ऑफिसातून शिव्या, म्हणून फाटक दोनशे पावलं लांब असतानाच, पेट्रोलपंपाजवळ, दाबून मोकळे व्हायचे. सगळेच. नवा आला की जुना पहिल्याच दिवशी शिकवायचा, "पंप दिसला की दाब." म्हणजे मावशी रस्त्यात उतरणार आणि गाडीही त्याच रस्त्यात. हे कुणाच्या टाळक्यात शिरलं नाही. माझ्याही नाही.

गुरुवार होता. डिसेंबरची सतरा तारीख. सात वाजून चाळीस मिनिटं. थंडीचे दिवस, मिट्ट काळोख पडलेला.

पंप आला. मेव्हण्यानं दाबलं. पडद्यावर ते चाक गोल गोल फिरायला लागलं. निरोप तिकडे पोचला होता, पण हिरवी खूण काही उमटेना. त्यानं पुन्हा दाबलं. मान खाली. "क्षणभरच हो," असं तो नंतर म्हणायचा. दोनशे पावलांचा क्षण.

खूण उमटली.

गाडी उडाली. धप्.

मग मागची चाकं. धप्.

"गतिरोधक," तो म्हणाला. मोठ्यानं म्हणाला. गाडीत एकटा असलेला माणूस मोठ्यानं कुणाला सांगतो? आरशात पाहिलं. अंधार. सहा वर्षं तो त्या रस्त्यानं जात होता. त्या रस्त्यावर गतिरोधक नव्हता. तरी त्यानं गाडी उतारावरून तळघरात घातली.

खोली उघडी. मावशी दारात उभ्या.

त्याच्या जिवात जीव आला. सगळं रोजच्यासारखं. म्हणजे काही झालं नाही.

"लाटसाहेब हजर आहेत, मावशी."

मावशी बोलल्या नाहीत.

त्यानं गठ्ठा उतरवला. त्यांनी घेतला. दुसरा उतरवला. घेतला. रोज चादरींवरून, सुरकुत्यांवरून, त्याच्या केसांवरून बोलणारी बाई. आज चकार शब्द नाही.

"रागावलात का? पाच मिनिटं तर उशीर झालाय."

...

"अहो, शिव्या तरी द्या."

...

गठ्ठा देताना बोटांना बोटं लागली. गार. ओल्या फरशीसारखी. त्याची नजर खाली गेली. एका पायात चप्पल होती. दुसरा पाय उघडा. धुळीनं माखलेला.

"मावशी... चप्पल कुठं पडली?"

त्यांनी मान वर केली. त्याच्याकडे नाही पाहिलं. त्याच्या खिशातल्या मोबाईलकडे पाहिलं.

"फोन वाजला म्हणून आले."

एवढंच बोलल्या. शेवटचा गठ्ठा उचलला. आत वळल्या. दार लागलं. मग कुलूप लागल्याचा आवाज आला. आतून नाही. बाहेरून. त्याच्या डोळ्यांसमोर कडीत कुलूप अडकलेलं होतं. आणि बाहेर तो एकटाच...

तो कसा वर आला, त्याचं त्यालाच माहीत नाही. रस्त्यावर गर्दी. चहावाला मधोमध फतकल मारून बसलेला, हातात एक चप्पल.

"मावशी गेल्या रे," चहावाला म्हणाला. "फोन वाजला, अर्धा चहा ठेवून उठल्या. जागच्या जागी गेल्या. आणि तो हरामखोर थांबलासुद्धा नाही."

मेव्हणा गर्दीतून मागे सरला. साडेआठला माझ्या दारात. बायकोनं, म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीनं, पाणी दिलं. त्यानं सगळं सांगितलं, जसं मी आता तुम्हाला सांगतोय तसं.

मी म्हणालो, "चल पोलिसात."

"दाजी, सकाळी जातो."

"आत्ता."

"अहो, त्याला श्वास तरी घेऊ द्या!" बायको मध्ये पडली.

"मावशींना कोण देतंय श्वास?" मी त्याचा दंड धरला आणि नेला. वाटेत तो हो हो म्हणत होता. साहेबासमोर उभा राहिला, आणि म्हणाला काय?

"साहेब, ब्रेकच लागले नाहीत. मेस्त्रीला दोनदा सांगितलं होतं."

माझ्याकडे पाहिलं नाही. ज्याला मी गाडी चालवायला शिकवलं, तो! मला त्या रात्री बाकावर बसवून ठेवलं. तीस वर्षं ब्रेक बांधले, एक गाडी कधी हातातून सुटली नाही. आता पोरं म्हणणार, याच्या हलगर्जीपणानं बाई मेली. तशी रात्र वैऱ्यावर येऊ नये. सकाळी बायको डबा घेऊन आली. भावासाठी. मला म्हणाली, "वेळेवर ब्रेक बघितले असते तर माझ्या भावावर ही वेळ आली नसती."

नऊ वाजता गाड्यांचा परीक्षक आला. चार वेळा गाडी पळवली, चार वेळा जागेवर उभी केली. ब्रेक उत्तम, असं लिहून दिलं.

तेवढ्यात दवाखान्यातून निरोप आला की चादरींची खोली बंद आहे आणि किल्ली शवागारात, मावशींच्या कमरेला. साहेब आम्हा दोघांना घेऊन गेला. किल्ली आणवली. कुलूप उघडलं.

सगळ्या चादरी फळ्यांवर लावलेल्या होत्या. घडीची कड भिंतीकडे. तशी फक्त मावशी लावायच्या. साहेबानं वही उघडली, पेन काढलं, पुन्हा खिशात ठेवलं.

सगळ्यांत वरची चादर मात्र उलगडलेली. तिच्यावर काळा ठसा. या कडेपासून त्या कडेपर्यंत. टायरचा.

मी वाकून पाहिलं. ब्रेक दाबला की चाक घसरतं, ठसा फरफटतो. हा फरफटला नव्हता. एकेक रेघ वेगळी, स्वच्छ. चाक आरामात फिरत गेलं होतं. ब्रेक तर चांगले होते. मग पाय?

मेव्हणा फरशीवर बसला.

"पाय नेलाच नाही, साहेब. मी खूण उमटायची वाट बघत होतो."

त्याला दोन वर्षांची शिक्षा झाली. ती चादर साहेबानं पुराव्यात घेतली नाही. म्हणाला, "ही रस्त्यावर नव्हतीच, तर कागदावर लिहू काय?" ती इथं परत आली. मी माझ्या हातानं सात वेळा उकळत्या पाण्यातून काढली. कापड विरलं, ठसा नाही गेला. माझ्या कपाटात आहे. खालच्या खणात. नको, आत्ता नाही दाखवणार.

साहेबानं माझी माफी मागितली, चहा पाजला. मेव्हण्यानं सुटून आल्यावर माझे पाय धरले. पण घरात ती चादर पुढे धरली, तर म्हणाली, "तुमच्याच ग्रीसच्या हातांचा डाग असेल." चार वर्षं झाली, एका माणसाचा 'चुकलं' हा शब्द अजून यायचाय. माझ्या बायकोचा.