अंमल उतरेपर्यंत

"लिंग न्हाई काढत मी. बाकी काय काढायचं ते काढा."

शिवांशचं मला ऐकू आलेलं हे पहिलं वाक्य. मी दाराआड हात धूत होते. आत एंडोस्कोपीच्या टेबलावर सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा एक मुलगा, आणि त्याच्या उशाशी आमची मंजुषा सिस्टर... अंगावर धातू नको म्हणजे नको, या हट्टाची. त्याच्या गळ्यात चांदीच्या डबीत लिंगायतांचं इष्टलिंग होतं. मी आत येऊन ती डबी दोऱ्यासकट त्याच्या डाव्या तळहातावर ठेवली आणि वरून बँडेज बांधलं.

"डाव्या हातावर पूजा असती, तुमाला कसं ठाऊक, म्याडम?"

"नांदेडला आमच्या शेजारी उमादेवीकाकू आहेत. त्यांना रोज बघत मोठी झाले."

तो हसला. मास्कमधून माझे फक्त डोळे दिसत असणार, तरी मला केस नीट करावेसे वाटले. केस टोपीत होते. इतका मूर्खपणा मी कॉलेजातही केला नव्हता.

चाकूरला त्याचं इन्व्हर्टर-बॅटरीचं दुकान होतं. एका दुपारी त्यानं पाणी समजून बॅटरीच्या ॲसिडची बाटली तोंडाला लावली. एकच घोट, पण अन्ननलिका आकसली. ती रुंद करायला दर तीन आठवड्यांनी त्यानं लातूरला आमच्याकडे यायचं आणि मी भूलतज्ज्ञ म्हणून त्याला गुंगीचं इंजेक्शन द्यायचं, असं ठरलं.

"हे करतं काय नेमकं?" सिरिंजकडे बघत त्यानं विचारलं.

"मेंदूला शांत करणारं एक रसायन असतं, गाबा. पेशींवर त्याच्यासाठी दारं असतात. गाबा येऊन बसला की दार उघडतं आणि पेशी गप्प होते. हे औषध गाबाची जागा घेत नाही. त्याच दारावर, शेजारी बसतं. मग गाबा आला की दार जास्तच वेळा उघडतं."

"म्हंजे सोता काय करत न्हाई. शेजारी बसून दुसऱ्याला चढवतं."

"तसंच म्हणा."

"आमच्या दुकानासमोर असले लई हायेत!"

मला हसू आवरेना. "आणि मधलं काही आठवत नाही हं. तुम्ही बोलाल, पण नंतर कोरी पाटी."

"काय भलतंच बोललो तर?"

"इथलं बोलणं या खोलीबाहेर जात नाही. नियमच आहे आमचा."

मी औषध सोडलं. त्याच्या पापण्या जड झाल्या, मिटल्या... आणि परत उघडल्या. नजर संथ होती, ओळखीची.

"उर्वी," तो म्हणाला. "किती दिसांनी भेटलीस."

खोलीत माझं नाव कुणी घेतलं नव्हतं. बाहेरच्या पाटीवर वाचलं असेल, मी मनाला समजावलं. पण 'भेटलीस'?

"धरणाच्या भिंतीवर आपण..." एवढ्यात आमचे अण्णाराव सर दुर्बीण घेऊन आले आणि वाक्य तुटलं.

तीन आठवड्यांनी तो परत आला. "नमस्कार म्याडम. मागच्या टायमाला तुमीच होता न्हाई का?" त्याला काहीच आठवत नव्हतं. मी औषध सोडलं. तीच संथ नजर.

"...भिंतीवर आपण बसलो होतो. तुझी चप्पल पाण्यात पडली. डाव्या पायातली."

चप्पल पडली होती. विष्णुपुरीला मेडिकलला शिकताना, धरणावर. मी एकटीच होते, आणि ही गोष्ट मी आईलाही सांगितली नव्हती.

औषध त्याच्या मेंदूत कुठं बसतं ते मी सांगू शकत होते. ते बसल्यावर कोण उठतं, हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

भीती वाटली का? वाटली. पण तिसऱ्या वेळी मी पावडर लावून ड्यूटीवर आले, तेव्हा मंजुषा सिस्टरनं भुवया उडवल्या. जागा शिवांश मला बॅटरीची वॉरंटी समजावून सांगायचा आणि नजर भिडली की कान लाल करून छताकडे बघायचा. गुंगीतला शिवांश मागचं वाक्य तुटलं तिथूनच धरायचा. मला 'तू' म्हणायचा, मी जेवले का विचारायचा. खरं सांगते, मी त्या पाच-सात मिनिटांच्या प्रेमात पडले होते.

सहाव्या वेळी अण्णाराव सर म्हणाले, "नळी मस्त झाली. आज शेवटचं."

त्या दिवशी मी नेहमीपेक्षा अर्धा मिलिग्रॅम औषध जास्त दिलं. डोस नियमात बसत होता. माझं कारण बसत नव्हतं. मला तो थोडा जास्त वेळ हवा होता.

दुर्बीण निघाली, सर गेले, तरी तो तिथंच होता... माझा.

"आज शेवटचं ना?" तो म्हणाला.

"तुला कसं कळलं?"

"तुझं तोंड बघ की. उर्वी, त्याला सांग. भित्रा हाय तो, पण मन त्याचंच हाय, मी नुसतं—"

मॉनिटरचा सूर खाली उतरला. ऑक्सिजन नव्वद... सत्त्याऐंशी... चौऱ्याऐंशी. मी हनुवटी उचलली, मास्क दाबला. श्वास येतच नव्हता. मी उताऱ्याचं औषध सिरिंजमध्ये भरलं. ते औषध त्याच जागेवर जाऊन बसतं आणि आधी बसलेल्याला उठवून लावतं. मी कुणाला उठवून लावत होते, ते मला पुरतं ठाऊक होतं. मी दट्ट्या दाबला.

मिनिटभरात छाती भरून वर आली. डोळे उघडले. नजर लाजरी झाली.

"म्याडम, झालं का?"

मी पाठ फिरवली आणि रडले.

उतारा तासाभरात ओसरतो आणि उरलेली गुंगी परत चढू शकते, म्हणून त्याला दोन तास थांबवून घेतलं. हिरव्या पडद्याआड दुपार सुस्त पडली होती. मी त्याच्या खाटेशी स्टुलावर बसले आणि सगळं सांगितलं. धरण, चप्पल, तो अर्धा मिलिग्रॅमसुद्धा. "चूक माझी आहे. तक्रार करायची तर करा."

त्यानं चादरीचा काठ चिमटीत धरला.

"धरण म्या बगितलंच न्हाई कधी," तो हळूच म्हणाला. "पण हितून घरी जाताना दर टायमाला काहीतरी मागं राहिलं वाटायचं. पिशवी उलटी करून बगायचो." मग एकदम मान वर करून, "तो तुमाला 'तू' म्हणायचा?"

"हो."

"डायरेक्ट?"

"पहिल्याच दिवशी."

"लईच पुढं गेलेला दिसतोय." तो खरंच चिडला होता. "तक्रार बिक्रार राहू द्या. मी रविवारी नांदेडला येऊ का, तुमच्या घरी? शुद्धीत?"

मी हो म्हणाले. माझे कान लाल झाले असणार. थोड्या वेळानं त्याची मान कलली. उतारा ओसरत होता. माझी नजर मॉनिटरवर होती. आकडा ठीक होता.

"सांगितलंस?" तो संथ आवाज.

मी खाली वाकले. "सांगितलं. तो तुझ्यावर जळतोय. रविवारी घरी येतोय."

तो हसला. "मग मी निघतो."

"थांब ना..."

"रडायलीस का? त्याला चहा गोड लागतो. अन घाई करू नको त्याला."

श्वास लांब झाले. आकडा अठ्ठ्याण्णववर स्थिर राहिला. मी त्याचा हात धरून बसले, आणि तो हात हळूहळू नुसता झोपलेल्या माणसाचा होत गेला.

चार वाजता शिवांशनं डोळे चोळले. माझ्या हातातला आपला हात बघितला, पण काढून घेतला नाही.

"काय बोललो तर न्हाई ना मी?"

"तुम्ही नाही."

तो घसा खाकरून, छताकडे बघत म्हणाला, "उर... उर्वी म्हणलं तर चालंल का तु... तुला?"

त्या दुसऱ्याची जीभ कधीच अडखळली नव्हती. मला ही अडखळलेली हवी होती, हे मला त्याच क्षणी कळलं.